खारूची भरलेली बॅग

तो पहिल्यांदा भेटला तेव्हा मी छपरावर होते आणि माझी शिडी खाली अंगणात आडवी झाली होती.

वादळ जाताना खारूच्या खोलीवरचे पत्रे घेऊन गेलं होतं. उरलेल्या भगदाडावर मी प्लॅस्टिक ताणत होते, पाऊस अजून भुरभुरत होता. फाटकाशी एक उंच माणूस वर बघत उभा... चष्म्याच्या काचांवर पाणी, एक दांडी दोऱ्याने बांधलेली.

"अहो चष्मेवाले! बघताय काय नुसतं? शिडी लावा की!"

त्याने निमूटपणे शिडी लावली. "आणखी काही हुकूम?"

"वर या आणि दोरीचं टोक धरा."

तो वर आला, दोरी धरून भिजत बसला. काम झाल्यावर खाली उतरून त्याने रेनकोट काढला, आणि गळ्यातलं ओळखपत्र दिसलं. संस्थेचा माणूस!

खारू माझ्या पोटची नाही. वर्षभरापूर्वी मुलांना घरं शोधून देणाऱ्या या संस्थेनेच ती मला सांभाळायला दिली होती. तिला कायमची दत्तक घ्यायचा माझा अर्ज अजून लटकलेला होता. आणि मुलाची खोली राहण्याजोगी नसेल तर मूल दुसऱ्या घरी हलवायचं, हा नियम मला पाठ होता.

खारूलाही होता. कार्ड दिसताच ती आत गेली आणि कॉटखालची बॅग घेऊन आली. ती बॅग कायम भरलेलीच असते. आधीच्या प्रत्येक घरातून तिला न्यायला आलेल्या माणसाच्या गळ्यात असंच कार्ड होतं.

"मी तयार आहे," ती म्हणाली.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "मी न्यायला नाही गं, द्यायला आलोय. ताडपत्री, गादी... जमलं तर नवे पत्रे. तोवर या मावशीच्या खोलीत झोपशील? मी वर बोलतो." आणि त्याने कार्ड काढून खिशात टाकलं.

मला तो तेव्हाच आवडला. उगाच आढेवेढे कशाला घेऊ?

वादळाने झोडपलेली अशी बरीच कुटुंबं त्याच्याकडे होती, पण आमच्याकडे चक्कर जरा जास्तच व्हायची. एकदा खिळे द्यायचे राहिले म्हणून, एकदा हातोडी विसरली म्हणून.

मी चष्म्यांच्या दुकानात काम करते. ती दोऱ्याने बांधलेली दांडी मला बघवेना.

"द्या इकडे तो चष्मा."

"मग मला काही दिसणार नाही."

"बघण्यासारखं आहे तरी काय इथे?"

"ते बघायलाच तर येतो मी..." तो बोलून गेला आणि कानांपर्यंत लाल झाला.

माझ्या बोटांतून स्क्रू निसटला. तो शोधायला दोघंही एकदम वाकलो आणि डोकी आपटली. खारू पोट धरधरून हसली. तिला इतकं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

मग छप्पर पूर्ण झालं आणि तो यायचा थांबला.

शेवटच्या पाहणीला एक वयस्कर बाई आल्या. त्यांनी पत्र्यांवर बादलीने पाणी ओतायला लावलं. एक थेंब गळला नाही.

"आधीचे साहेब कुठे आहेत?" मी विचारलं.

"त्यांनी या घराचं काम सोडलं."

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, इथे तर वैद्यच पळून गेला होता!

यथावकाश निकाल लागला. खारू कायमची माझी झाली. मी तिला कुशीत घेऊन रडले. तरी तिची बॅग कॉटखाली भरलेलीच राहिली, आणि माझे डोळे फाटकाकडे.

त्याच संध्याकाळी तो आला.

"वाट चुकलात वाटतं?" मी फणकारले.

"निकाल लागेपर्यंत इकडे फिरकायचं नाही, असं ठरवलं होतं."

"का? आमचं काय चुकलं?"

"तुमचं नाही हो... नियम आहे. पाहणी करणाऱ्याचं त्या घरात मन गुंतलेलं नसावं. माझं गुंतलं होतं. उद्या कुणी बोट दाखवलं असतं आणि खारूचा निकाल फिरला असता तर?"

भांडायची जय्यत तयारी केली होती मी. सगळी वाया गेली.

"आधी सांगायला काय झालं होतं?" माझा आवाज ओला झाला.

"आता सांगतोय ना. मला तुम्ही आवडता. दोघीही."

खारू दारात येऊन उभी होती. तिने त्याच्या गळ्याकडे निरखून पाहिलं. "कार्ड कुठंय?"

"नाही आणलं. आज मी कामावर नाहीये. मी विचारायला आलोय... मला कधी या घरात राहायला मिळेल का?"

खारूने माझ्याकडे पाहिलं. मी लाजबिज बाजूला ठेवून मान हलवली.

ती आत पळाली. बॅगेतले फ्रॉक तिने कॉटवर उपडे केले आणि रिकामी बॅग आणून त्याच्या हातात दिली.

"तुमचे कपडे यातून आणा," ती म्हणाली. "मला आता ही लागत नाही."