पेरलेली किल्ली

“अहो... माझी किल्ली पेरली गेलीय.”

बालवर्गाच्या दारात उभं राहून एका उंच माणसाने हे वाक्य कमालीच्या गांभीर्याने म्हटलं, आणि ताईने ते तितक्याच गांभीर्याने ऐकलं. चार-चार वर्षांच्या पोरांना खेळातून विज्ञान शिकवणाऱ्या बाईला अशा वाक्यांचं काही वाटेनासं होतं. मागच्याच आठवड्यात एकाने आपली सावली धुवायला काढली होती.

“कुणी पेरली?”

“भाचीने. स्कूटर उगवेल म्हणते.”

भाची म्हणजे भिंगरी. खरं नाव वेगळं होतं, पण ते विचारण्याइतका वेळ ती एका जागी कधी थांबलीच नव्हती. तिच्या आईचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून आजपासून ने-आण मामाकडे. सकाळी मामाच्या खिशातून किल्ली गेली ती थेट मातीत.

खिडकीत कागदी पेल्यांची रांग होती. प्रत्येकात माती, मातीत घेवड्याची बी. एकात किल्लीही. पण कुठल्यात?

“सगळे पेले सारखेच दिसतात ना!” भिंगरीने हात वर केले.

“मग उकरून बघू,” मामाने बाह्या सरसावल्या.

“उकरा-यचं ना-ही!” अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

हा वर्गाचा कायदा होता. पहिल्या खेपेला ‘उगवलं का, उगवलं का’ करत पोरांनी रोज बिया उकरल्या होत्या, आणि एकही बी उगवली नव्हती.

“वाट बघायची,” ताई म्हणाली. “ज्या पेल्यात अंकुर येणार नाही, त्यात तुमची किल्ली. हा आपला अंदाज. चुकला तर टाळ्या.”

“आणि तोवर मी?”

“चाला. तब्येतीला बरं असतं.”

आता सांगायला हरकत नाही... ताईच्या खणात लोहचुंबक होतं. किल्लीचं कडं लोखंडी. दोन मिनिटांचं काम. तरी ती गप्प बसली. का, ह्याचं निरीक्षण तिने पुढे ढकललं.

मामा रोज येऊ लागला, आणि लवकर येऊ लागला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. एकदा त्याने जुनी भिंगं आणली. पोरांनी त्यातून मुंगी पाहिली, माती पाहिली, एकमेकांच्या नाकपुड्या पाहिल्या. तोही एक भिंग डोळ्याला लावून बसला.

“काय बघताय?”

“अंकुर.”

“पेले तिकडे आहेत.”

“अस्सं? नंबर वाढला वाटतं.”

अडचण एकच होती, हाक मारायची. अख्खा वर्ग त्याला ‘मामा’ म्हणायचा. तिला ते जमेना. अख्खा वर्ग तिला ‘ताई’ म्हणायचा. त्याला ते परवडणार नव्हतं. मग दोघंही एकमेकांना नुसतं ‘अहो’ म्हणायची, आणि म्हटल्यावर खिडकीबाहेर बघायची.

पोरं गेल्यावर ताई पेल्यांना पाणी घालायची. तिलाही उकरायची खोड होती. एके काळी कुणाला तरी ती रोज विचारायची, ‘तुझ्या मनात नक्की काय आहे?’ शेवटी त्या मनात काही उरलंच नाही. कायदा पोरांसाठी केला, असं ती सगळ्यांना सांगायची...

शुक्रवारी मामा म्हणाला, “सोमवारपासून ताई येईल.”

“मी तर रोजच येते.”

“तुम्ही नाही हो. माझी ताई. हिची आई. प्लास्टर निघालं.”

“बरं झालं,” ताई म्हणाली. चेहरा मात्र पाय तिचाच मोडल्यासारखा झाला.

तेवढ्यात खिडकीपाशी किंकाळी उठली. सगळ्या पेल्यांत अंकुर आले होते, एकूण एक! आणि एक अंकुर किल्लीच्या कड्यातून मान वर काढून, दागिना घातल्यासारखा ऐटीत उभा होता.

“अंदाज चुकला!” पोरांनी टाळ्या पिटल्या.

मामाने वाकून पाहिलं. “कडं ओढलं तर मान मोडेल त्याची. राहू दे. मोठा होऊ दे. मी येत जाईन चालत... बघायला.”

“मामा चालत नाही येत,” भिंगरी म्हणाली. जे दिसलं ते सांगायचं, हे ताईनेच शिकवलं होतं. “स्कूटर बेकरीच्या मागे लावतो. त्याच्याकडे दुसरी किल्ली आहे.”

ताईने कमरेवर हात ठेवले.

“म्हणजे इतके दिवस तुम्ही मला मामा बनवलंत?”

“अहो, मी...”

“आणि ताईकडे लोहचुंबक आहे,” भिंगरीचं निरीक्षण संपलेलं नव्हतं. “आम्ही झोपलो होतो ना, तेव्हा तिने पेल्यांवरून फिरवलं. ह्याच पेल्याला चिकटलं. मग ठेवून दिलं. मी नव्हते झोपले.”

आता वर्गात दोन माणसं लाल झाली होती, आणि पोरं दोघांकडेही अंकुरांकडे बघावं तशी बघत होती.

“एक विचारू?” मामाचा आवाज खाली आला. “की ते... उकरणं होईल?”

ताईने त्या पेल्याकडे पाहिलं. कडं गळ्यात घेऊन ते पोपटी खुळं उजेडाकडे झुकलं होतं.

“अहो,” ती म्हणाली, आणि ह्या खेपेला खिडकीबाहेर बघितलं नाही, “अंकुर आल्यावर विचारायला हरकत नसते.”