दहाच्या पुढचे अंक

पटो न पटो, हे माझ्याच घरात घडलंय. उणकल, तिसरा मजला. मार्चमधला मंगळवार, दुपारचे अडीच.

माझा मुकुल आठ महिन्यांचा. तो झोपला की मी लॅपटॉप उघडते. आमची कंपनी सी या संगणकभाषेतली तयार फंक्शन्स, म्हणजे प्रोग्रामचे तयार तुकडे, पुरवते. फंक्शनच्या माहितीपानावर लिहिलंय तसंच कोड वागतं का, हे बघणं माझं काम. फरक दिसला तर पान बदलायचं. कोडला हात लावायची मला परवानगी नाही.

ही पानं आधी विमलाक्का लिहायच्या. गेल्या वर्षी त्या वारल्या. प्रत्येक ओळ चालवून बघायच्या, मोठ्यानं कन्नडात मोजत. एळुवर, म्हणजे सातावर, हमखास खोकायच्या.

त्या दिवशीचं फंक्शन बाळांच्या श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रासाठी होतं. विमलाक्कांच्या पानावर होतं, श्वास थांबला तर दहा सेकंदांत इशारा.

कोडमध्ये कुणीतरी वीस केले होते.

आमच्या टीमप्रमुखांना, गुरुप्रसाद सरांना, फोन लावला. "सर, कोडच दहावर आणा ना."

"कोड ग्राहकाकडे गेलंय मॅडम. तुम्ही पान जुळवा. आई झाल्यापासून तुम्हाला सगळीकडे बाळंच दिसायला लागलीत."

फोन ठेवला आणि लाईट गेली. पंखा थांबला.

आतून...

"ओंदु... एरडु... मूरु..."

एळुवर खोकला.

मी धावले. पाळण्यापाशी कुणी नव्हतं.

मुकुलची छाती हलत नव्हती.

"...हत्तु."

दहा. त्यानं श्वास घेतला.

स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या गोदूबाई म्हणाल्या, "अंक शिकवायला बाई ठेवली काय अक्का? दात तरी येऊ देत की त्याला."

म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं.

डॉक्टर म्हणाले, बाळ ठणठणीत आहे. माहेरी कमरीपेठेत नेलं. तिथंही रोज दुपारी तेच. रोज दहावर श्वास.

शुक्रवारी सरांचा निरोप आला. पान आजच जुळलं पाहिजे.

मला वाटलं, खोट्या दहावर एखादी नर्स विसंबली तर? निदान खरं तरी लिहावं.

मी दहा खोडून वीस लिहिलं.

शनिवारी मुकुल झोपला. मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बसले.

"...ओंबत्तु... हत्तु..."

श्वास आला नाही.

"हन्नोंदु..."

मी त्याला उचललं. हलवलं. तळपायाला टिचक्या मारल्या.

"...इप्पत्तु."

विसावर आला.

पान परत दहावर न्यायला गेले, तर त्याला कुलूप. ग्राहकाला दिलेलं पान बदलता येत नाही.

काल पुन्हा निरोप आलाय. नव्या आवृत्तीत विसाचे तीस होणार आहेत, पान तयार ठेवा.

हे लिहितेय तेव्हा मुकुल मांडीवर आहे. तो झोपू नये म्हणून मी गाणी म्हणतेय, खुळखुळा वाजवतेय.

त्याचे डोळे मिटायला लागलेत...