बारा मिनिटं एकोणचाळीस सेकंद

स्वप्नालीने पांढरी रेघ ओलांडली, मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं आणि आकडा बघून ती तिथेच रस्त्याच्या कडेला बसली.

"किती आले?" नीरजा धावत आली.

स्वप्नालीने नुसतं मनगट पुढे केलं. बारा मिनिटं एकोणचाळीस सेकंद.

"घड्याळ बिघडलंय," नीरजाचा धाकटा भाऊ आयुष म्हणाला.

पण टेबलाशी बसलेल्या भगवंत सरांच्या स्टॉपवॉचमध्येही तेच होतं. राज्य स्पर्धेत जायचं तर तीन किलोमीटर अकरा मिनिटं पंचेचाळीस सेकंदांच्या आत धावायला हवे होते. धारच्या शाळेच्या मैदानावर स्वप्नाली ते साडेअकरात धावायची. एकदा नाही, रोज.

ती २००३ ची दिवाळीची सुट्टी होती. धार आणि देवास मिळून मुलींची निवड चाचणी देवासला ठेवली होती. शाळेच्या फाटकापासून निघायचं, रस्त्याने उमाशंकरच्या चहाच्या दुकानापर्यंत जायचं, तिथे ठेवलेल्या ड्रमला वळसा घालून परत यायचं. नऊ मुली धावल्या. एकीलाही ती वेळ गाठता आली नाही.

भगवंत सर खुर्चीवरून उठले. "यंदा यादीत एकही नाव नाही. मागच्या वर्षी चार होती. टीव्हीसमोर बसून बसून पाय जड झालेत तुमचे. उद्या संध्याकाळी सहाला भोपाळला कोरी यादी पाठवतो. दुसरं काय करू?"

स्वप्नालीचे आजोबा प्रतापराव छत्रीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभे होते. धारच्या जुन्या घराण्यातले, बोलणं मोजकं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आपलं ठरलं होतं," ते म्हणाले. "एक चाचणी. निवड झाली तर पुढे, नाही तर दहावी होईपर्यंत पळणं बंद. उद्या बाराच्या बसने निघू."

"हो, आबासाहेब," स्वप्नाली म्हणाली.

नीरजाची आई आणि स्वप्नालीची आई धारला एका वर्गात होत्या, म्हणून पाहुणे नीरजाकडेच उतरले होते. दुपारी जेवण झाल्यावर तिघं गच्चीवर गेली. आयुष तिचं घड्याळ बघत होता. पुण्याच्या मामाने दिलेल्या त्या घड्याळात एक वेगळीच सोय होती. धावताना प्रत्येक फेरीला बटण दाबलं की त्या फेरीची वेळ आत राहायची. अशा तीस फेऱ्या ते लक्षात ठेवायचं.

"हे काय आहे? ब्याण्णव, ब्याण्णव, एक्क्याण्णव, ब्याण्णव..."

"धारच्या फेऱ्या. गुरुवारच्या. चारशे मीटरची एक."

"सगळ्या सारख्याच? तू माणूस आहेस की पंखा?"

स्वप्नाली जरा हसली. "आज पण तसंच धावले रे. दम तसाच, पाय तसेच. मध्ये कुठे ढिली पडले असते तर कळलं असतं ना मला."

नीरजाने वहीचं मागचं पान काढलं. गणित तिला आवडायचं. "थांब. बारा एकोणचाळीस म्हणजे सातशे एकोणसाठ सेकंद. भागिले ब्याण्णव." तिने भागाकार पुन्हा तपासला. "सव्वाआठ फेऱ्या. तीन किलोमीटरच्या तर साडेसातच होतात."

"म्हणजे पाऊण फेरी जास्त?" आयुषने विचारलं.

"तीनशे मीटर. स्वप्नाली, तू हळू धावलीच नाहीस. तू जास्त धावलीस."

"हे भगवंत सरांना सांगायचं? वहीच्या पानावरून?" स्वप्नाली म्हणाली. "ते म्हणतील, हरलेली मुलगी रस्त्याला नावं ठेवते."

"मग रस्ताच मोजू," आयुष म्हणाला. "शरदकाकांकडे मीटर आहे."

शरदकाका शेजारी राहायचे. कारखान्यातर्फे ते सहा महिने जर्मनीला जाऊन आले होते, तेव्हा त्यांनी सायकलचं मीटर आणलं होतं. काडेपेटीएवढं, पण काय डोकं होतं त्याला. चाकाच्या तारेवर एक छोटं लोहचुंबक बसवायचं, समोरच्या दांड्यावर एक टिकली. चुंबक टिकलीसमोरून गेलं की एक फेरा मोजला. फेरे गुणिले चाकाचा घेर, झालं अंतर. वेग, वेळ, आजचं अंतर, आजवरचं एकूण अंतर, सगळं त्या इवल्याशा काचेवर.

मीटर काकूंच्या सायकलवर लावलेलं होतं. दीड वर्षापूर्वी काकू गेल्या, तेव्हापासून ती सायकल भिंतीला टेकून होती. काकांनी काही न विचारता मीटर काढून आयुषच्या सायकलवर बसवून दिलं.

संध्याकाळी आयुष शाळेच्या फाटकापासून निघाला. नीरजा दुसऱ्या सायकलवर, मागे स्वप्नाली. ड्रम अजून दुकानासमोरच होता. आयुषने ब्रेक दाबला आणि त्याचा चेहरा पडला.

"एक पूर्णांक त्रेपन्न."

दीडच्या जागी एक त्रेपन्न. जाऊन येऊन साठ मीटर. त्याचे चौदा सेकंद. तेवढे वजा करूनही बारा पंचवीस उरत होते.

"चला," स्वप्नाली म्हणाली. "मीच हळू धावले असेन."

तिघं घरी परत आली. शरदकाका आपल्या फाटकातच उभे होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मीटरला चाकाचा घेर कोणता सांगितलाय?"

"म्हणजे?"

"अरे, त्याला चाक दिसत नाही. ते फेरे मोजतं. घेर आपण सांगायचा. त्यात काकूच्या सायकलचा आकडा आहे, तिचं चाक लहान. तुझं मोठं."

आयुषने कपाळावर हात मारला. "आणि मी भगवंत सरांना निष्काळजी म्हणत होतो."

मग अंगणात मोजणी झाली. टायरवर खडूची खूण केली, खूण जमिनीला टेकली तिथे रेघ मारली, चाक बरोबर एक फेरा फिरवलं आणि पुन्हा रेघ मारली. काकांनी आयुषला सायकलवर बसायला लावलं. "रिकामं चाक मोजू नका. वजनाने टायर दबतो, घेर कमी भरतो." तीनदा मोजलं. तिन्ही वेळा दोनशे सहा सेंटिमीटर. मीटरमध्ये होते एकशे एक्क्याण्णव.

"बदलायचं कसं?" नीरजाने विचारलं.

"दोन्ही बटणं एकदम दाबायची. पण मग आतलं सगळंच पुसलं जातं. एकूण पण."

एकूण होतं दोन हजार नऊशे चौदा किलोमीटर. काका आणि काकू सकाळी बरोबर फिरायला जायचे, त्याचे. मुलांना ते न सांगता कळलं. आयुषने बटणांवरचा हात काढून घेतला.

"काका, राहू दे. आम्ही गुणाकार करून सांगू सरांना."

"सर गुणाकाराला मानतील?" काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्याच्या मागे तो आकडा पेनाने लिहिला. मग म्हणाले, "दाब. पुसलं तरी फिरलो ते फिरलोच आम्ही."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी सातला तिघं पुन्हा निघाली. या वेळी दुकानापाशी मीटरवर आकडा आला एक पूर्णांक पासष्ट.

"दीडशे जास्त. जाऊन येऊन तीनशे," नीरजा म्हणाली. "तुझी पाऊण फेरी."

स्वप्नाली मीटरकडे बघतच राहिली. "किती शहाणं आहे हे."

उमाशंकर पोह्यांवर शेव टाकत होता. आयुषने त्यालाच विचारलं, "भिया, दुकान पहले से यहीं है क्या?"

"नहीं रे बेटा. सड़क चौड़ी हुई ना होली के बाद, तो वहाँ से हटा दिया. अब यहाँ बैठे हैं." त्याने झाऱ्याने मागे रस्त्याकडे दाखवलं.

"और ये ड्रम किसने रखा?"

"गणोजी रख गया, टेम्पोवाला. बोला, साहब ने कहा है उमाशंकर की दुकान के सामने. तो सामने ही रखा है."

कोणी खोटं बोललं नव्हतं. भगवंत सरांनी सांगितलं तेच गणोजीने केलं होतं. फक्त दुकान हललंय, हे बघायला सर स्वतः आले नव्हते.

साडेआठला सर मैदानावर सापडले. बोलणं अर्थात नीरजाने केलं.

"तेरा वर्षं," सर म्हणाले, "तेरा वर्षं ड्रम उमाशंकरच्या समोर असतो. पहिल्या वर्षी मी स्वतः टेप धरून मोजलंय. आणि हे खेळणं मला शिकवणार?"

"नका विश्वास ठेवू, सर," नीरजा म्हणाली. "आधी त्याचीच परीक्षा घ्या. ही मैदानाची फेरी चारशेची आहे ना? तुम्हीच सायकलवर बसा."

"मी?"

"आमच्यावर पण विश्वास ठेवायला नको, म्हणून."

मैदानावर फुटबॉल खेळणारी पोरं थांबून बघायला लागली. आता मागे हटणं सरांना बरं दिसलं नसतं. ते बसले. सायकल कुरकुरली.

"सर, टायर सांभाळून," आयुष पुटपुटला. नीरजाने त्याला कोपर मारलं. मग सायकल अडवून तिने टायरमध्ये हवा भरून घेतली आणि सरांना बसवूनच घेर पुन्हा मोजला. तोच भरला, दोनशे सहा.

"इतकं कशाला?" सरांनी विचारलं.

"काल आम्ही चुकलो होतो, सर."

सर सीटवर जरा सावरून बसले. एक फेरी मारून आले आणि काचेकडे बघितलं. शून्य पूर्णांक चाळीस. पुन्हा एक फेरी मारली. शून्य पूर्णांक ऐंशी.

"हं," ते म्हणाले. "चला फाटकापाशी."

फाटकावर मीटर शून्यावर आणलं आणि सर निघाले. मागे नीरजाच्या आणि एका उसन्या सायकलवर तिघं. नवा रुंद रस्ता, कडेला खडी पडलेली. एका लिंबाच्या झाडापाशी सरांनी एकदम ब्रेक दाबला. कोणी थांबा म्हटलं नव्हतं. झाडाखाली जमिनीवर भट्टीचा काळा डाग होता आणि दोन विटा. यंदा सोडून दर वर्षी चाचणीआधी सरांनी त्याच जागी उभं राहून चहा प्यायला होता.

सरांनी आधी जागा बघितली, मग काच. एक पूर्णांक पन्नास.

पुढे, दीडशे मीटरवर, उमाशंकरच्या दुकानाची निळी ताडपत्री दिसत होती. तिच्यासमोर ड्रम.

सर सायकलवरून खाली उतरले.

"काल नऊ मुलींना मी आळशी म्हणालो."

"सर, हिशेब केला तर हिचे साडेअकरा होतात," आयुष उत्साहाने म्हणाला. "यादीत नाव घाला ना."

"हिशेबावर नाव घालता येत नाही, बाळ. धावूनच घालावं लागतं." ते स्वप्नालीकडे वळले. "चार वाजता चाचणी पुन्हा घेतो. काल धावलीस, पाय दुखत असतील. जमेल?"

"आमची बाराची बस आहे, सर."

"आजोबांशी मी बोलतो."

भगवंत सर नीरजाच्या घरी आले, चप्पल काढून प्रतापरावांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मुलीची नाही." प्रतापरावांनी सगळं ऐकून घेतलं, शेवटी मीटर हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं.

"तुम्ही स्वतः मोजलंत?"

"मीच. या मुलांनी मला मोजायला लावलं."

"मग बस उद्याही आहे," प्रतापराव म्हणाले.

बाकीच्या आठही मुली देवासच्याच होत्या. नीरजा आणि आयुष घरोघर निरोप देत फिरले, औद्योगिक वसाहतीपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत. ड्रम गणोजीने लिंबाखाली आणून ठेवला. या वेळी भगवंत सर शेजारी उभे होते.

चार वाजता नऊच्या नऊ मुली रेघेवर आल्या. स्वप्नालीच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. पहिल्या पाचशे मीटरला तिघी तिच्या पुढे गेल्या. तिने घड्याळ बघितलं. आपला वेग आपल्याला माहीत आहे, त्या दमतील, असं स्वतःला सांगितलं आणि पाय तसेच टाकत राहिली. लिंबाशी वळताना बटण दाबलं. पाच मिनिटं एक्कावन्न सेकंद. नेहमीपेक्षा सहा सेकंद मागे. परतीची वाट तेवढीच, आणि आता हाच वेग शेवटपर्यंत टिकवायला हवा होता.

फाटकापाशी प्रतापराव छत्री विसरून रस्त्याच्या मध्यात आले होते. शरदकाकांनी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं. एक मुलगी आली, मागोमाग स्वप्नाली. ती रेघेपलीकडे जाऊन नीरजाच्या अंगावरच कोसळली. या वेळी तिच्यात घड्याळ बघायचं त्राण नव्हतं. नीरजाने बघितलं.

"अकरा एक्केचाळीस," नीरजा म्हणाली. तिला रडू येत होतं. "चार सेकंद राखून, वेडे."

त्या दिवशी तीन मुलींनी वेळ गाठली. भगवंत सरांनी यादीत तिन्ही नावं लिहिली आणि सर्वांसमोर नीरजा-आयुषला टेबलाजवळ बोलावलं.

"तेरा वर्षं मी चाचणी घेतोय. मला कोणी चूक दाखवली नव्हती, आणि दाखवताना आपली चूक आधी कबूल करणारी मुलं तर मी पाहिलीच नव्हती. पुढच्या वर्षी ड्रम कुठे ठेवायचा, ते तुम्ही दोघं ठरवायचं."

मग त्यांनी स्वप्नालीचा अर्ज पुढे ओढला. "भोपाळला मुलीबरोबर घरचं एक माणूस लागतं. कोणाचं नाव घालू? वडिलांचं?"

स्वप्नालीने आजोबांकडे बघितलं नाही. तिला धीर झाला नाही.

"प्रतापराव," मागून आजोबांचा आवाज आला. "माझं लिहा. आणि सर, तिथला रस्ता कोणी मोजलाय, ते आधी विचारून ठेवा."