उशीची शिवण

नऊ वर्षं चाललेली झोपेची गोळी सोडायची म्हणून मी डॉक्टरांकडे गेले, तेव्हा मनात भीती वगैरे काही नव्हती. कपडे शिवून पोट भरणारी बाई मी. सकाळी डोकं जड, सुईत दोरा जाईना, एवढंच माझं दुखणं. डॉक्टरांनी बजावलं, एकदम बंद केली तर अंगावर येईल. दर तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करायची, आणि त्रास झाला तर आपल्या मनाने काही न करता त्यांना विचारायचं.

सोबतीला धाकटी नणंद राहायला आली. गोळीचे तुकडे तीच हातावर ठेवायची.

दुसऱ्यांदा गोळी कमी केली आणि उशीला वास यायला लागला. चूळ न भरलेल्या तोंडाचा, शिळ्या लाळेचा. अभ्रा उकळून धुतला, उशी उन्हात टाकली. संध्याकाळी पुन्हा तोच कोमट, ओलसर वास. गाल टेकला की मी उशी पायाशी ढकलायचे. त्यात हात थरथरायचे, घाम सुटायचा. डॉक्टर म्हणाले, गोळी कमी होताना वास उग्र लागतात, कधी भासही होतात. सध्या आहे तेवढ्यावरच थांबू. थांबलो. पंधरा दिवसांत थरथर गेली.

वास गेला नाही.

एका सकाळी उशी उलटसुलट करून पाहिली. एका कडेची शिवण माझी नव्हती. टाके बारीक, आणि दोऱ्याऐवजी केस. कात्रीने उसवलं. आतला कापूस चघळून चघळून गोळा झालेला, पिवळट, चिकट... आणि गरम. बोटाला लाळेची तार आली. मी तिथेच ओकले.

"वहिनी, मलाही येतोय वास," नणंद नाक दाबून हळूच म्हणाली.

म्हणजे भास नव्हता तर.

उशी जाळून टाकली. गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितलं तशीच सोडली. किळस आली म्हणून घाई केली नाही. आठ महिने लागले. आता माझी मला झोप येते, तीही गाढ.

परवा दुपारी मी बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकाचं माप घेत होते. आत पडलेली नणंद कान पुसत बाहेर आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत दारातच उभी राहिली. मग तिने विचारलं, मी तिच्या शेजारून कधी उठले. मी म्हटलं, मी आज आडवी झालेच नाही, जेवल्यापासून इथेच आहे.

तिने रुमाल कानाशीच धरून ठेवला.

"मग वहिनी... आत इतका वेळ माझा कान... कोण चाटत होतं?"