गायींना विचारून सांगतो

"डोळे मिटा… खांदे सैल सोडा… आता एक खोल श्वास घ्या…"

आवाज बाईचा होता, मधाळ होता आणि शेजारच्या गोठ्यातून येत होता.

राजनंदिनी कॉटवर ताडकन उठून बसली. अरे देवा, ही तर आपल्या फोनमधली बाई! एवढा वेळ ती उशाशी ठेवलेल्या चिमुकल्या स्पीकरला कान लावून पडली होती आणि स्पीकर मेला मुका. तिने फोनकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं, मग भिंतीकडे. भिंतीपलीकडे बासरी सुरू झाली, तीही अशी दणक्यात की अर्ध्या कळस गावाने खोल श्वास घ्यावा.

परसदारी कुणीतरी खाकरलं. ती तशीच स्पीकर हातात घेऊन धावली.

"ओ मॅडम… ती बाई आमच्या गायींना डोळं मिटाय सांगतीया. तुमची हाय का?"

दारात शेजारचा बिरदेव उभा होता. गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात दुधाचा कॅन, आणि हसू दाबायच्या खटाटोपात मिशीचं एकच टोक हलत होतं. राजनंदिनीने ते बघितलं आणि उगीचच ओढणी सारखी केली.

"सॉरी… माझा फोन चुकून तुमच्या स्पीकरला जोडला गेला वाटतं. तुम्हीही इंदापूरहूनच आणलाय का? असाच?"

"व्हय, डिट्टो असलाच हाय."

"थांबा, बंद करते."

"नगा बंद करू…" तो घाईघाईने म्हणाला आणि मग स्वतःच गडबडला. "म्हंजी… धार हुईस्तवर ऱ्हाऊ द्या. आज एकबी गाय लाथ मारंना झालीया."

एवढं बोलून तो गेला. राजनंदिनी दारातच उभी राहिली. हसावं की लाजेने मरावं, तिला ठरवता येईना.

तशी ती आत्याकडे हसायला आलीच नव्हती. पुण्यात रात्रपाळीची नोकरी, साता समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकांच्या शिव्या, त्यातून झोप उडाली. डोकं ठणकायचं, छाती धडधडायची. बारामतीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, की रोग काही नाही, शीण आहे. गोळी लिहून दिली आणि वर म्हणाले, "रोजच्या दिवसात गाणं येऊ दे. सकाळी ऐक, चालताना ऐक, भाकरी थापताना गुणगुण. जेवणासारखं नेमाने." पिंपळीला स्वतःच्या घरी थांबावं, तर येणारा-जाणारा विचारणार, नोकरी सोडली का आणि लग्नाचं काय. म्हणून ती गोजराआत्याकडे कळसला आली. आत्याला पोरबाळ नव्हतं आणि नसत्या चौकशाही नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताच बिरदेव पुन्हा दारात.

"काल दूध वाढलं."

"कशाने?"

"तुमच्या बासरीनं. दुसरं काय बदललं हुतं? आजबी लावा की… हितं बसून नगं, गोठ्यातच या. तुमाला दिसंल तरी, कोनाला काय आवडतंय."

राजनंदिनीचा विश्वास बसला. बसणारच हो! दोन वर्षं फोनवर लोकांची समजूत घालून कुणाचं भलं झाल्याचं तिला कधी कळलं नव्हतं. आणि इथे गायीने साक्ष दिली होती. आपल्यामुळे कुणाचं तरी चांगलं झालं, हे तिला गोळीपेक्षा लवकर लागू पडलं.

मग नेमच झाला. सकाळच्या धारेला संतूर, संध्याकाळच्या धारेला भजन. एकदा तिने हौसेने बँडबाज्याची धून लावली, तर काळ्या गायीने बादलीच उडवली आणि बिरदेव नखशिखांत दुधाने न्हाला. त्या दिवशी राजनंदिनी पोट धरून हसली. ती आता भाकरी थापताना गुणगुणू लागली, कालव्यापर्यंत तालात चालून येऊ लागली. तिला भूक लागायला लागली आणि झोप कशी, अंथरुणाला पाठ टेकायचा अवकाश! गल्लीत बातमी पसरली आणि शकुबाईने तर आपल्या कोंबड्यांना अभंग लावले.

सगळं कसं छान चाललं होतं. एका बिरदेवचं तेवढं कोडं सुटत नव्हतं.

"आज उशीर केला," तो म्हणायचा.

"वाट बघत होता?"

"मी? न्हाय बा. कपिला गाय बघत हुती. सारखी मान वळवून दाराकडं."

"आणि तुम्ही?"

"मी कपिलाकडं बघत हुतो."

आता या बोलण्याचा अर्थ काय लावायचा? बाई, सरळ एक वाक्य बोलेल तर शपथ!

चैत्राचं ऊन तापलं तसे त्याने गोठ्यात गायींसाठी फवारे बसवले. बटण दाबलं की छतावरून बारीक तुषार झिरमिरत यायचे. पहिल्यांदा ते सुरू झाले तेव्हा राजनंदिनी नेमकी खाली उभी होती. तोंडावर, पापण्यांवर पाणी… तिने दचकून वर बघितलं, खाली बघितलं, तर बिरदेव समोर बटणावर बोट ठेवून नुसता उभा. संतूर चालू होतं. तो बटण बंद करीना, ती बाजूला होईना. मनगटावरचं घड्याळ मात्र टुणटुणलं: ठोके वाढलेत, जरा शांत बसा.

तिने घाबरून डॉक्टरांना फोन केला. "संगीताने ठोके संथ व्हायला हवेत ना? माझे तर पळतात."

"ऐकताना सोबत कोण असतं?"

"…गायी असतात."

डॉक्टर हसले आणि म्हणाले, काळजीचं कारण नाही. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे तिने स्वतःला दहादा विचारलं.

आत्या लसूण सोलता सोलता म्हणाली, "नंदे, सगळ्या गल्लीतल्या पोरींना त्यो ताई म्हनतो. तुलाच तेवढं न्हाय म्हनत. ध्यानात आलंय का?"

आलं होतं. पण ध्यानात येऊन उपयोग काय? त्याला ती हवी होती की तिची बासरी हवी होती? आणि आपल्याला तरी तो आवडतो, की बरं वाटायला लागल्याच्या आनंदात गोठासुद्धा आवडायला लागलाय? काही म्हणजे काही कळत नव्हतं.

अशातच पुण्याहून फोन आला. कंपनी दिवसपाळी द्यायला तयार होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. संध्याकाळी तिने बिरदेवला सांगितलं आणि विचारलं, "जाऊ का?"

त्याचा हात थांबला. क्षणभरच… मग तो खाली बघत म्हणाला, "मला काय इचारताय? गायींना इचारून सांगतो."

"विचारा मग."

"त्या म्हनत्यात… दूध कमी हुईल."

राजनंदिनीला वाटलं, बादली उचलावी आणि याच्या डोक्यावर पालथी घालावी. तिने तसं केलं नाही. सकाळी तिने एका पेनड्राइव्हमध्ये सगळी गाणी भरली आणि त्याच्या हातावर आपटली. "सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. आता माझ्यावाचून अडायचं नाही तुमच्या दुधाचं."

"बरं," तो म्हणाला.

बरं! नुसतं बरं!

तिने बॅग भरली. संध्याकाळ झाली. पलीकडे बादल्या वाजल्या, धारेचं मशीन सुरू झालं, पण गाणं काही लागेना. ती भिंतीशी कान देऊन बसली आणि शेवटी राहवेना म्हणून तरातरा गोठ्यात गेली.

"पेनड्राइव्ह चालत नाही का?"

"चालत असंल. लावला न्हाय."

"का? दूध कमी होईल ना."

बिरदेवने मशीन बंद केलं. रुमालाने हात पुसले, पुसत राहिला.

"दूध वाढलंच न्हवतं," तो म्हणाला. "येक वाटीबी न्हाय. पैल्या दिशीबी न्हाय. खोटं बोललो मी."

तिने आईला पिंपळीला फोन करून सांगितलं होतं, डॉक्टरांना सांगितलं होतं, शकुबाईच्या कोंबड्या अजून अभंग ऐकत होत्या! मग आपलं बरं होणं तरी खरं का? की तेही या दुधासारखंच… तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"का बोललात खोटं?"

"तुमी परत यावं म्हनून." त्याने रुमाल खांद्यावर टाकला. "त्या दिशी दारात आलता तवा तुमी लई दमल्याल्या दिसत हुता. पर मी माघारी गेलो, आन् भिताडापल्याड तुमी आत्याला सांगून हसला. मला वाटलं, कायबी सांगून रोज आनावं हितं, तेवढंच बरं वाटंल तुमाला. तुमाला बरं वाटलं… पर माझी झोप गेली की ओ. मला तुमी आवडता. गायींचा कायबी संबंध न्हाय त्यात."

ती रागावली होती, चांगलीच रागावली होती. पण राग शोधायला गेली तर हाताशी काहीतरी दुसरंच लागलं. झोप खोटी नव्हती. गाढ झोपलेल्या माणसाला झोप लागली नाही असं कोण पटवून देणार? बासरीने बरं केलं की या लबाडाने, हे तिला निवडता येईना आणि आज पहिल्यांदा निवडावंसंही वाटेना.

"मग जाऊ नको म्हणा ना," ती हळूच म्हणाली.

"न्हाय म्हननार." त्याने मान वर केली. "येकदा खोटं बोलून थांबवलं, परत न्हाय. दिवसाची ड्यूटी हाय, तुमच्या कष्टाची हाय. जावा तुमी."

"जाणारच आहे. सोमवारी. आणि शनिवारी येणार. दर शनिवारी."

"आत्याकडं?"

"तुझ्याकडं, बिरदेव." 'तू' तोंडातून निघून गेला होता आणि तिला तो परत घ्यायचा नव्हता. "मलाही तू आवडतोस. आणि गायींचा खरंच काही संबंध नाही."

त्याने नुसता हात पुढे केला. ओला, दुधाचा वास येणारा. तिने तो धरला.

"नंदेऽ" भिंतीपलीकडून आत्याचा खणखणीत आवाज आला. "ठरलं आसंल तर त्याला च्याला घिऊन ये. माझा कान अवघडला हितं!"

बिरदेवने दचकून हात सोडला. राजनंदिनीने तो परत धरला.