वृषालीआत्याच्या बाळाचा फोटो

"लागला का?"

"नाही!"

"आता?"

"सूरज, तू दर श्वासाला विचारणार असशील ना, तर तूच ये आणि लाव!"

स्वरालीने लॅपटॉपचं बटण पुन्हा दाबलं. आधी नंबर फिरल्याचा टुकटुक आवाज आला. मग ती ओळखीची किंकाळी, कुईंऽऽ खर्रऽऽ! आणि मध्येच सगळं गप्प. पडद्यावर पुन्हा तीच पाटी उमटली. इंटरनेटची जोडणी झाली नव्हती.

"मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यावानी वरडतंय आन् मरतंय," सूरज म्हणाला.

"मरतंय म्हणू नगंस!" दिपालीने भावाला दटावलं.

कारण आतल्या खोलीत आबा झोपले होते.

सणसरच्या या घरात यंदाची दिवाळी दबक्या पावलांनी आली होती. स्वरालीचे, सूरजचे आणि दिपालीचे आजोबा तात्याबा, म्हणजे सगळ्यांचे आबा, महिनोन्‌महिने खाटेवर होते. तरुणपणी मेंढरांमागे त्यांनी किती नद्या ओलांडल्या होत्या! आता खाटेवरून दारापर्यंत येणंही त्यांना जमत नव्हतं. बारामतीच्या डॉक्टरांनी हळूच सांगितलं होतं, "घरी न्या. त्यांच्या मनात असेल ते करा."

आबांच्या मनात एकच गोष्ट होती. त्यांची धाकटी लेक वृषाली कॅनडात बाळंत झाली होती. तिला येता येत नव्हतं, आणि आबांना नातीचं तोंड बघायचं होतं. टपालाने फोटो यायला फार दिवस लागले असते. तितके दिवस आबांकडे नव्हते. हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून स्वरालीच्या बाबांनी पुण्याहून ऑफिसचा लॅपटॉप आणला. आले त्या संध्याकाळी घरातला फोन काढून त्याची वायर लॅपटॉपला जोडली, बारामतीचा नंबर लावला आणि काय आश्चर्य! इंटरनेट लागलं. आत्याची चिठ्ठीसुद्धा आली: 'आबांना सांगा, उद्या फोटो पाठवते.'

तो 'उद्या' आला तेव्हापासून इंटरनेट लागतच नव्हतं.

"गावाकडच्या लायनी अशाच!" बाबांनी हात झटकले. "मी पुण्याला जाऊन फोटो छापून आणीन."

"पर मोठं काका, तवर आबा..." दिपाली म्हणाली. आबांचं औषध आणायला बाबा बारामतीला निघून गेले.

"आपणच शोधू!" स्वराली म्हणाली. "परवा लागलं, काल नाही. लॅपटॉप तोच, नंबर तोच. मग मध्ये काय बदललं?"

"सूरजनं काल आंगुळ केली," दिपाली म्हणाली.

"गप ए!"

तिघंही हसली आणि लगेच ओशाळून आतल्या दाराकडे बघू लागली.

वायर काढून स्वरालीने फोन पुन्हा जागेवर लावला, तोच तो वाजला. आज्जी, म्हणजे आक्काबाई, ओले हात पदराला पुसत आली. रिसीव्हर कानाला लावून अशी ओरडली की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

"हॅलोऽऽ! कोन? सरुबाई व्हय? हाय, हाय! हायती तसंच हायती गंऽऽ!"

फोन ठेवून ती परत मागे गेली. स्वराली तिच्याकडे बघतच राहिली.

"आज्जी एवढं का ओरडते?"

"मंग? इंदापूर लांब न्हाय व्हय?" सूरज म्हणाला.

स्वरालीने रिसीव्हर कानाला लावला. खर्रऽऽ खर्रऽऽ! तव्यावर मीठ फुटावं तसा आवाज.

"अरे, ही केवढी खरखर! तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? फोन म्हंजी खरखरायचाच! आपन जरा मोठ्यानं बोलायचं."

स्वराली टुणकन उठली. "सूरज, हेच! माणसं खरखरीवर ओरडतात आणि काम भागवतात. लॅपटॉपला ओरडता येत नाही! चला, तार कुठून कुठवर जाते ते बघू!"

तिघं तारेमागे निघाली. रस्त्यावरच्या खांबापासून उसाच्या कडेने तार येत होती. घराच्या मागच्या बाजूला ऊस ओरबाडलेला होता आणि मातीत ट्रॉलीच्या चाकांचे खोल चरे होते.

"कारखान्याला ऊस न्यायला परवा रातच्याला ट्रॉली आलीवती," दिपाली म्हणाली. "ही उंच भरल्याली!"

"तार तुटली असणार!" सूरज ओरडला.

"तुटली असती तर फोन बंदच पडला असता. म्हणजे कुणीतरी ती जोडली."

तिथेच शेवग्याच्या झाडापाशी तार एकदम खाली उतरली होती, हाताला लागेल इतकी. पण जोड दिसत नव्हता, कारण तारेवर एक भली मोठी गोधडी वाळत होती. तिच्यातून अजून टपटप पाणी गळत होतं. पलीकडच्या दोरीवर आबांचीच अंथरुणं होती, एकाला एक चिकटून.

आज्जी दगडावर दुसरी गोधडी धूत होती. रोज धुवावी लागे. आबांना आता उठता येत नव्हतं, आणि आज्जीला त्यांना ओलसर अंथरुणात ठेवणं सोसत नव्हतं. पिळता पिळता ती स्वतःशीच गुणगुणत होती:

लेक गेली दूर देशी, मधी पाण्याचा डोंगर
बाळमुख कसं पुसू, हाती रिकामा पदर

मुलांचे पाय जागीच थांबले. दिपालीने स्वरालीचा हात घट्ट धरला. "हिला सांगायचं न्हाय हां, हिच्या गोधडीमुळं फोटो आडला म्हनून. कवाच न्हाय!"

"नाही सांगायचं," स्वराली म्हणाली. सूरजनेही मान हलवली.

आज्जी पाणी आणायला हौदाकडे वळली, तशी त्यांनी गोधडी अलगद उचलून कुंपणावर पसरली. खाली जोड दिसला. दोन्ही तारांचे जोड अगदी खेटून ठेवून वर सायकलच्या ट्यूबची एकच पट्टी गुंडाळलेली, आणि ती पाण्याने चिंब!

"ह्या पट्टीवरचं हिरवं ठिगळ वळखीचं हाय," सूरज म्हणाला. "अण्णांच्या सायकलीचं!"

सूरज-दिपालीचे वडील जयवंता, म्हणजेच अण्णा, गोठ्यात वैरण टाकत होते. सरळ विचारलं तर ते कधी कबूल करायचे नाहीत, हे पोरांना चांगलं ठाऊक होतं. सूरजने डोळा मारला आणि मोठ्याने म्हणाला, "काय जोड घातलाय, दिपे! लायनमनलासुदिक जमायचा न्हाय आसा. कोन आसंल गं कारागीर?"

"इंदापुरावनं कुनी हुशार मानूस आला आसंल," दिपाली म्हणाली.

"इंदापुरावनं?" अण्णा वैरण टाकून बाहेर आले. "आरं, म्या जोडलाय! ट्रॉलीनं तोडली तार. रातच्याला बॅटरी तोंडात धरून धा मिंटात..."

ते मध्येच थांबले. तिन्ही पोरं त्यांच्याकडे नुसती बघत होती.

"काका," स्वराली हळूच म्हणाली, "जोड ओला होतोय. त्यामुळे आत्याच्या बाळाचा फोटो येत नाहीये."

अण्णांचा चेहरा उतरला. "आगं, लायनमन यायचा चार दिसांनी. आबांचं काय इपरीत झालं तर फोन लागाया पायजे, म्हनून घाईनं... सांगायचं राहूनच गेलं." ते एकटक त्या चिंब पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सूरज, पक्कड आन. दिपे, कोरडं फडकं आन. पळा!"

दोन्ही तारा पुसून, वेगवेगळ्या पिळून, वेगवेगळ्या गुंडाळल्या. लांब दुबेळकं, म्हणजे दोन फाट्यांची काठी, लावून सूरजने तार उंच उचलली, कुणाच्याही गोधडीला पोचणार नाही इतकी. दिपाली धावत जाऊन फोन कानाला लावून आली.

"खरखर न्हाय! कायबी न्हाय!"

स्वरालीने लॅपटॉपची वायर जोडून नंबर लावला. टुकटुक. कुईंऽऽ खर्रऽऽ... आणि लागलं!

त्यांनी लॅपटॉप वायरीसकट आबांच्या खाटेवर नेला. अण्णांनी आबांना पाठीशी धरून बसवलं. आत्याने पाठवलेला फोटो वरून खाली, एकेक ओळ करत उतरू लागला. आधी काळंभोर जावळ. मग कपाळ. मग मिटलेल्या पापण्या. खोलीत कुणी हलत नव्हतं. आज्जी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

नाक आलं. ओठ आले. हनुवटी आली.

"आबा, दिसतंय का?" स्वरालीने विचारलं.

आबांनी हात पुढे केला. त्यांचं बोट पडद्यावर कपाळाशी थांबलं. मग त्यांनी तो लॅपटॉपच दोन्ही हातांनी जवळ ओढला. पावसात जन्मलेलं कोकरू ते घोंगडीत धरायचे, तसा छातीशी धरला. चालून चालून लॅपटॉप तापला होता.

"ऊन हाय," आबा पुटपुटले. "पोरगी ऊन हाय... बरी हाय."

कुणीच त्यांना सांगितलं नाही की ती ऊब यंत्राची आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे आबा गेले.

घर माणसांनी भरलं. गावातले म्हस्कूतात्या आले, शेजारच्या शकुबाई आल्या. अण्णांनी सगळ्यांसमोर पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवला. "चूक माजी हुती," ते म्हणाले, "आन् ती ह्या पोरांनी निस्तरली. लई मोठं काम केलंत रं." बाबांनी स्वरालीला जवळ घेतलं. "मी दोष लाइनीला देऊन मोकळा झालो. तुम्ही तारेमागे चालत गेलात," एवढंच ते बोलू शकले. कौतुक होतं, पण तिघांपैकी कुणालाही हसू आलं नाही. सूरज तर गोठ्यात जाऊन वासराच्या गळ्यात पडून खूप रडला.

संध्याकाळी आज्जी स्वरालीजवळ येऊन बसली.

"त्येच्यातनं वृषीला चिठ्ठी धाडता येती नव्हं?"

"येते, आज्जी. काय लिहू?"

बाहेर उसाच्या पात्यांची सळसळ चालली होती.

"लिही," ती म्हणाली, "त्येंनी पोरीला बघितली. जवळ घितली. मंग गेलं."

स्वरालीने एकही शब्द न बदलता तसंच लिहिलं.