उलटजुळणी

औषध उंदरावर लागू पडलं आणि माणसावर पडलं नाही, तेव्हा तुम्ही औषध बदलायला हवं होतं. तुम्ही माणूस बदललात. वर त्याला उपचार म्हणालात, शिक्का मारलात, टाळ्या घेतल्यात. आज तीनशे बारा माणसं तुमच्या पांढऱ्या खोल्यांत राहतात आणि ती जिवंत आहेत, हे तुम्ही छाती पुढे काढून सांगता. जिवंत आहेत, हे खरं. ते कुणी नाकारत नाही. पण त्यांतल्या एकीचा बाप शालिक नगराळे. त्याची हकीकत एकदा नीट ऐका आणि मग छाती काढा.

शालिक हा तुमच्याच संशोधन केंद्राच्या प्राणिगृहातला परिचर. प्राणिगृह म्हणजे प्रयोगासाठी उंदीर वाढवायची इमारत. वर्ध्याच्या बाहेर, माळावर, खिडक्या नसलेली. शालिकनं सव्वीस वर्षं तिथं पिंजरे धुतले, भुसा बदलला, पिंजऱ्यांवरची कार्डं भरली. आवाज न करता पिंजरा बदलावा तर त्यानंच. उंदीर झोपेतून उठायचासुद्धा नाही.

हे उंदीर कशासाठी, तेही सांगून टाकू. कारण सांगायची वेळ आली की तुमची माणसं अवघड शब्दांमागं लपतात. तंतुगळ नावाचा रोग आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना बारीक तंतूंनी जोडलेल्या असतात. या रोगात ते गळतात, संत्र्याच्या झाडावरची फळं अवेळी गळावीत तसे. आधी बोटं थरथरतात, मग हातात चमचा राहत नाही, मग जीभ वळत नाही. चार वर्षांत माणूस संपतो. रोग आईबापाच्या रक्तातून येतो. माणसातलं हे खोट असलेलं जनुक उंदरात घातलं की उंदरालाही तंतुगळ होते. अशा उंदराला म्हणतात प्रतिरूप, म्हणजे माणसाच्या रोगाचा चालताफिरता नमुना. माणसाची कवटी उघडून बघता येत नाही, प्रतिरूपाची येते.

आठ वर्षांपूर्वी अशा साठ उंदरांना सतरा नंबरचं औषध दिलं. नव्वद दिवसांत एकही थरथरला नाही. उंदराचे नव्वद दिवस म्हणजे आयुष्याच्या मानानं माणसाची जवळपास दहा वर्षं. नव्वदाव्या दिवशी सगळे मारले, मेंदूच्या चकत्या करून पाहिल्या. तंतू जागच्या जागी. मिठाई वाटली. शालिकनंही एक पेढा खाल्ला. त्याच महिन्यात त्याची बायको पंचफुला तंतुगळीनं गेली होती, तरी खाल्ला. पोरीसाठी खाल्ला.

मग औषध माणसांना दिलं. दोनशेंपैकी एकाचीही बोटं थांबली नाहीत.

असं का, हे शोधायला दोन वर्षं गेली. सापडलं ते असं. प्रयोगशाळेतला उंदीर एका डब्यात एकटा राहतो. बारा तास उजेड, बारा तास अंधार. रोज त्याच भुकटीच्या कांड्या. त्याच्या आयुष्यात नवं काही घडत नाही, म्हणून त्याच्या मेंदूला नवं काही विणावं लागत नाही. सतरा नंबर जुने तंतू घट्ट धरून ठेवतं, एवढंच त्याचं काम. पण माणूस दिवसभर विणतच असतो. बोलताना विणतो, भांडताना विणतो, बाजारात घासाघीस करताना विणतो. त्या विणकामापुढं औषध पुरं पडत नाही.

इथं शहाणा माणूस म्हणाला असता, की आपला नमुनाच चुकला. तुम्ही म्हणालात, माणूसच चुकला. उंदीर माणसाशी जुळत नाही ना, मग माणूस उंदराशी जुळवू. याचं नाव ठेवलंत उलटजुळणी. खोल्या बांधल्यात: खिडकी नाही, पुस्तक नाही, आवाज नाही. बारा तास उजेड, बारा तास अंधार. त्याच कांड्या, फक्त आकारानं मोठ्या. इमारतीला म्हणालात समस्थिती गृह. आणि आत गेलेल्या पहिल्या चाळीस जणांची थरथर सहा आठवड्यांत थांबली!

तक्षशीला नगराळे, शालिकची एकुलती एक मुलगी, चोविसाव्या वर्षी चहाचा कप पाडू लागली. ही पोरगी कबड्डीच्या सामन्यांची कॉमेंट्री करायची. माइक हातात आला की पंचक्रोशीतली पोरं खेळ सोडून तिच्याकडंच बघत. ती समस्थिती गृहाच्या पायरीवर बसली होती आणि तिला आत ठेवण्याच्या संमतीचा कागद शालिकच्या हातात होता. समोर डॉक्टर इरावती पळसुले. पुण्याच्या बाई, उलटजुळणीच्या प्रमुख.

"मॅडम, याच्यात माही पोरगी बरी होईन?"

"बरी नाही, शालिकराव. थांबेल. आज आहे तिथं थांबेल."

"अन् बाहेर कधी येईन?"

पळसुलेबाई खोटं बोलल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. "बाहेर आली की औषध पुरं पडत नाही. पुलगावच्या एका पेशंटला भावांनी घरी नेलं. चौथ्या दिवशी थरथर सुरू झाली, दुसऱ्या महिन्यात गेले."

तक्षशीला हसली. "बा, मले पिंजऱ्यात टाकून राह्यला का? टाक बाप्पा. पण भुसा टायमावर बदलजो."

"चूप बस," शालिक म्हणाला आणि सही केली. त्याला आठवत होती ती पंचफुला. शेवटच्या महिन्यात तिच्या तोंडात पाणी घालायचं तर डोकं दोघांनी धरावं लागे. पोरीचं तसं बघण्यापेक्षा काहीही बरं, असं त्याला वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं. म्हणून तर तुमचं फावतं.

समस्थिती गृहाला आवाज न करणारे हात हवे होते, म्हणून शालिकची बदली तिकडं झाली. नातेवाइकांना बंदी होती, पण पळसुलेबाईंनी डोळेझाक केली. अंगभर पांढरा पोशाख, तोंडावर जाळी, हातात मोजे. बाई म्हणाल्या, "तिला कळता कामा नये. तुम्ही नुसते हात आहात."

दर सोमवारी दहा वाजता शालिक आत जाऊन गादी बदलायचा, कांड्या ठेवायचा, तिचं वजन करायचा. पहिल्या महिन्यात ती बडबडायची. "कोण हाय बे जाळीमागं? नाव तरी सांग. लग्न झालं का तुहं?" शालिक ओठ चावून गादी झटकायचा. सहाव्या महिन्यात ती नुसती बघायची. वर्षभरानं बघेनाशीही झाली.

आणि तिची थरथर? एकदम बंद. हात दगडासारखे स्थिर.

पण दीड वर्षानं शालिकला एक गोष्ट दिसली. ती त्यालाच दिसू शकत होती. तक्षशीला दाराच्या कोपऱ्यातून पलंगाच्या कोपऱ्याकडं जायची, भिंतीला एकाच जागी कपाळ टेकवायची, वळायची, परत. पुन्हा. पुन्हा. दिवसभर. भिंतीवर तिथं तेलकट डाग पडला होता. प्राणिगृहात याला परिचर गिरकी म्हणतात. एकटा ठेवलेला उंदीर पाण्याच्या बाटलीखाली अशाच गिरक्या घेतो, हजार, दोन हजार, अंधार होईपर्यंत. शालिकनं आयुष्यभर त्या गिरक्या पाहिल्या होत्या आणि कार्डावर लिहिलं होतं, 'प्रकृती ठीक'. कारण कार्डावर गिरकीचा रकाना नव्हता.

तो तडक पळसुलेबाईंच्या खोलीत गेला.

"मॅडम, पोरगी गिरकी घेऊन राह्यली."

"पाहिलं मी. म्हणजे ती चालतेय, शालिकराव. आली तेव्हा तिला चमचा धरता येत नव्हता."

"मॅडम, मले एक सांगाचं हाय. नोकरी जाईन त जाऊ द्या." तो बसला नाही. "त्या साठ उंदरातला एक्केचाळीस नंबर मेला नव्हता."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"नव्वदाव्या दिवशी एक एक शेपटीनं उचलून द्याचा होता. चाळीस देल्ले. एक्केचाळीस नंबरनं माह्या बोटाले धरलं. घरचं नुकतंच माणूस गेलं होतं, मॅडम. नाही झालं माह्यानं. कार्डावर मेला म्हणून लेहलं अन् डब्यात घालून घरी नेला. शिलाई मशीनच्या खणात ठेवला. पोरीनं त्याचं नाव ठेवलं सरपंच. शेंगदाणे चोरून खाय, दांडीवर चढे. पोरगी खाली उभी राहून कॉमेंट्री करे, 'सरपंच चढाईले निघाले!' औषधाचा एक थेंब नाही देल्ला त्याले. चवदा महिने जगला. मिशीशिवाय काई थरथरलं नाही त्याचं."

मग बाई हळू म्हणाल्या, "चौदा महिने? औषधाशिवाय? रोज नवीन काहीतरी करत?"

"होय जी."

"म्हणजे विणणं थांबवायचंच नव्हतं कदाचित. कदाचित तीन महिने औषध, आणि मग..." त्या थांबल्या. पुढच्या वाक्यात तीनशे बारा खोल्या कोसळणार होत्या. "एका उंदरावरून काही सिद्ध होत नाही, शालिकराव. तो अपवाद असेल. त्याला रोग झालाच नसेल."

"मले पोरगीबी एकच हाय, मॅडम."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" आता बाईंचा आवाज चढला. "आम्ही आणखी वीस ठेवून पाहिले असते! या खोल्या बांधल्याच नसत्या कदाचित! सात वर्षं गप्प बसलात?"

शालिक तेव्हा खाली बसला. खुर्चीत नाही, फरशीवर. हे त्याच्या ध्यानात कधी आलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, आपण एक जीव वाचवला.

बाईंनी वर कळवलं. म्हणजे तुम्हाला. पंधरा दिवसांत तुमचं उत्तर आलं: 'प्राणी क्रमांक ४१ नव्वदाव्या दिवशी मृत असल्याची नोंद अभिलेखात आहे. सबब विषय निकाली काढण्यात येत आहे.' त्या नोंदीखालची सही शालिकचीच होती, तीच जोडली होती. नवे उंदीर ठेवून पाहायला नव्वद दिवस आणि वर वर्षभर लागलं असतं. तुम्हाला ते परवडलं नाही. बरोबरच आहे, त्या वर्षभरात तीनशे बारा घरांना काय सांगणार होतात?

असं आणखी वर्ष गेलं. शालिक दर सोमवारी आत जात राहिला. बाहेर काढावी तर पुलगावचा माणूस डोळ्यांपुढं येई. आत ठेवावी तर भिंतीवरचा डाग.

गेल्या सोमवारी दार उघडलं तशी तक्षशीला आपणहून वजनकाट्यावर जाऊन उभी राहिली. हात बाजूला, मान खाली. मान अशी वाकवलेली, की उचलणाऱ्याला सोपं जावं. त्रेचाळीस किलो. मागच्या सोमवारी त्रेचाळीस, त्याच्या मागच्या सोमवारी त्रेचाळीस. शालिकनं आकडा लिहिला. मग उजव्या हातातला मोजा काढला आणि उघडा तळवा तिच्या मानेवर ठेवला.

"तक्षू," तो म्हणाला. "मी हावो. बा."

ती वळली नाही. शालिकला वाटलं, संपलं, आत कुणी उरलंच नाही. मग तिचा अंगठा हलला. मग चारी बोटं. मग खांदे. सगळी पोरगी पिंपळाच्या पानासारखी थरथरू लागली. तिचं तोंड उघडलं आणि त्यातून एक आवाज आला, ज्याला अजून शब्द फुटला नव्हता. भिंतीतलं थरथर मोजणारं यंत्र लाल झालं. दोघं-चौघं धावत आले आणि त्यांनी शालिकला बाहेर ओढलं. दाराच्या काचेतून त्यानं पाहिलं, ती काट्यावरच उभी होती, थरथरत. दहा मिनिटांनी थांबली. मग कोपऱ्याकडं गेली आणि भिंतीला कपाळ टेकवलं.

"अडीच वर्षांचं काम!" पळसुलेबाई ओरडल्या. "कंप चौथ्या पायरीवर गेला होता!"

"मॅडम, तो कंप होता का रडणं?"

"यंत्र कंप दाखवतं."

"यंत्राले रडणं समजते का?"

बाई यंत्राच्या पट्टीकडं बघत राहिल्या. "नाही. हे यंत्र आधी उंदरांसाठी बनवलं होतं, शालिकराव. उंदीर रडत नाहीत. ती सोय कधी लागली नाही."

"मंग तुमच्या डोयाले काय दिसलं?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. आणि हे त्या खरं बोलल्या.

त्याच संध्याकाळी तुमचा कागद आला. सात दिवसांच्या आत एक तर पेशंटला स्वतःच्या जबाबदारीवर घरी न्या, नाही तर तिला पुन्हा कधीही भेटणार नाही असं लिहून द्या. कोणतं एक निवडायचं ते बापानं ठरवायचं. किती मोकळं मन आहे तुमचं!

तर आता नीट ऐका, गुंता काहीच नाही. ती थरथर रोगाची असेल, तर बाहेर काढलेली तक्षशीला दोन महिन्यांत पंचफुलासारखी जाईल आणि तिला मारणारा तिचा बापच असेल. ती थरथर रडण्याची असेल, तर त्या खोलीत त्याची पोरगी जिवंत आहे, अडीच वर्षांनंतरही बापाचा हात ओळखते, अजून विणते आहे. मग तिला आत ठेवणारा बाप कोण ठरतो?

शालिकनं तुम्हाला तीन अर्ज केले. तिन्हींत एकच ओळ. पोचपावत्या मिळाल्या, उत्तर नाही. आज सहावा दिवस. तो तुमच्या फाटकापुढं उभा आहे. एका खिशात डिस्चार्जचा कागद, दुसऱ्यात न भेटण्याचा, दोन्ही कोरे. पहारेकऱ्यानं त्याला दोनदा हटकलं. तो म्हणाला, "बस, एक गोष्ट इचाराची हाय जी."

यंत्रं तुमची आहेत. मेंदूच्या चकत्या तुमच्याकडं आहेत. आठ वर्षांचे कागद, तीनशे बारा माणसं, आणि मोजता येतं तेवढं सगळं तुमच्याकडं आहे. मग सांगा: सोमवारी दहा वाजून चार मिनिटांनी तक्षशीला शालिक नगराळे हिचा हात कशानं थरथरला?

उत्तर द्या. उद्या सातवा दिवस आहे.